छोट्या कला महाविद्यालयात वर्षभर काहीतरी चालू कसं ठेवायचं?

खडूफळा:
सोलापुरातलं आमचं बी.ए.चं छोटं कॉलेज. तिन्ही वर्षं मिळून पट साडेतीनशेच्या आसपास. निम्मी मुलं-मुली मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूपकडून एसटीनं येतात, त्यामुळे साडेअकराला शेवटचा तास सुटला की बारापर्यंत आवार ओस. यंदा सांस्कृतिक समिती माझ्याकडे आली आहे. गॅदरिंग दरवर्षी होतं, पण बाकी वर्ष कोरडं. मंडळं कागदावर सहा आहेत, चालू एकही नाही. पैसा जेमतेम. विद्यापीठाच्या युवा महोत्सवालाही संघ पाठवायचाय. सुरुवात कुठून करू?

पार्कचौक:
मॅडम, आधी सहातली चार मंडळं बंद करा. साडेतीनशेच्या पटात मनापासून येणारी तीस-चाळीस पोरं असतात आणि सगळीकडे तीच दिसतात.

दुसरं, एसटीचा तक्ता करा. वर्गवार कागद फिरवून नाव, गाव, परतीच्या गाडीची वेळ आणि त्यानंतरची गाडी कधी, एवढंच लिहून घ्या. कुठल्या वारी किती जण पाऊण तास थांबू शकतात ते लगेच कळेल. तास सुटल्यावर कार्यक्रम ठेवला की गावाकडची मुलं आपोआप गळतात आणि शहरातल्या आठ-दहा जणांचं टोळकं उरतं. आठवड्यातून एक तास वेळापत्रकातच, दुसऱ्या-तिसऱ्या तासाच्या जागी मिळवा. नव्या अभ्यासक्रमात सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत. प्राचार्यांकडे तोच मुद्दा घेऊन जा, नुसत्या उत्साहावर तास मिळत नाही.

कडकभाकरी:
भित्तिपत्रकानं, म्हणजे भिंतीवर लावायच्या हस्तलिखित अंकानं सुरुवात करा. दोन-तीनशे रुपयांत होतं. पण बहुतेक ठिकाणी पहिला अंक झोकात निघतो आणि दुसरा निघतच नाही. कारणं ठरलेली असतात.

जागा चुकते. ग्रंथालयाच्या बोळात लावलेलं कोणी वाचत नाही. ऑफिसच्या खिडकीजवळ, जिथे शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी रांग लागते, तिथे लावा. रांगेतला माणूस काहीही वाचतो. फक्त तिथे ऊन येतं का बघा. आपल्याकडच्या उन्हात स्केचपेनचे रंग बघता बघता उडतात. मजकूर बॉलपेननं, मथळे काळ्या मार्करनं.

मोठ्या शीटवर थेट लिहू नका. एकाची ओळ चुकली की अख्खं शीट वाया जातं आणि सुंदर अक्षरवाली एकच मुलगी सगळ्यांचं उतरवत बसते. महिन्याभरात ती कंटाळते आणि अंक बंद पडतो. ज्याचा मजकूर त्यानं अर्ध्या ए-फोरवर स्वतः लिहायचा, शंभर-सव्वाशे शब्द, आणि ते कागद पिनांनी शीटवर लावायचे. गोंद नको, पुढच्या वेळी तेच शीट वापरता येतं.

कवितांचा पूर येणारच. एका अंकात दोन, बस्स. बाकी कामाचं छापा: आपल्या गावच्या आठवडी बाजारातले भाव, बदललेली एसटीची वेळ, ग्रंथालयात आलेली पुस्तकं. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोट पट्ट्यात कन्नड, शिवाय उर्दू बोलणारी मुलं आहेतच. एक कोपरा त्यांच्या भाषेतल्या म्हणींना द्या, खाली मराठीत अर्थ. जी पोरं एरवी गप्प असतात ती तिथे येऊन एकमेकांच्या चुका काढतात.

संपादक तीन, प्रत्येक वर्षाचा एक, नाहीतर तृतीय वर्ष बाहेर पडलं की सगळं संपतं. आणि लावण्याआधी तुम्ही एकदा वाचाच. एखाद्या मुलीवरचा आडून मारलेला शेरा निसटला तर तो अंक शेवटचा ठरतो.

तिसरी_घंटा:
युवा महोत्सवाबद्दल. छोटी कॉलेजं समूहनृत्य नाहीतर एकांकिकेच्या मागे लागतात आणि तिथेच दमतात. एकांकिकेला अर्धा तास आणि नऊ नट लागतात, तेवढी पोरं तालमीला रोज जमवणार कुठून? त्यापेक्षा एकट्याच्या स्पर्धा धरा: वक्तृत्व, स्थळचित्र, व्यंगचित्र, रांगोळी, मातीकाम, नकला. माणूस एक आणि साहित्य थोडं. चित्रकलेच्या बहुतेक प्रकारांना अडीच तास असतात. तयारी म्हणजे घड्याळ लावून अडीच तासांत चित्र पुरं करायची सवय, बाकी काही नाही. चित्र छान पण अर्धवट, हे फार वेळा होतं.

गटात एकच करा, प्रहसन, म्हणजे छोटं विनोदी नाटुकलं. सहा जण, दहा मिनिटं. तालमीत साडेआठ मिनिटांत बसवा, कारण प्रेक्षक हसले की वेळ वाढतो आणि दहाच्या पुढे गेलात की गुण जातात. सहा नटांबरोबर दोन जादा मुलांना सगळे संवाद पाठ हवेत. ऐनवेळी कोणीतरी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला जातोच. वर्गात घुमणारा आवाज मंचावर पोचत नाही, म्हणून शेवटचे काही दिवस मैदानात, वीस पावलांवर कोणाला तरी उभं करून तालीम घ्या.

विद्यापीठांच्या राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या नियमांत वय १ जुलैला १७ च्या वर, २५ च्या आत लागतं. विद्यापीठाचं परिपत्रक तेवढं नीट वाचा, पण ते येईपर्यंत थांबू नका, जुलैत निवड उरका.

खडूफळा:
मुली तालमीला थांबतील का, ही खरी अडचण. घरचे सोडत नाहीत.

कडकभाकरी:
तालीम साडेअकरा ते एक. संध्याकाळचं नावच काढू नका. घरी चिठ्ठी पाठवा, कॉलेजच्या छापील कागदावर: तारखा, सुटायची वेळ, बरोबर कोणत्या मॅडम असतील. आईशी फोनवर एकदा बोला. आणि एका गावच्या दोघी मिळून घ्या, एकटीला घेतलं की ती पहिल्या आठवड्यात गळते.

पार्कचौक:
संक्रांतीचा आठवडा मोकळा ठेवा, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, वर्गात कोणी नसतं. त्यानंतर मराठी भाषा पंधरवडा २८ जानेवारीपर्यंत असतो, त्यात वाचनाचा एक कार्यक्रम बसतो. रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर त्याच सुमाराला असेल तर तारखा आधी त्या सरांकडून घ्या. तुमची तीस पोरं आणि त्यांची तीस पोरं बहुतेक तीच असणार.