'फॅक्टॉइड' म्हणजे खरी माहिती की खोटी?

कुंदाखाऊ:
मुलगी आठवीत आहे, इंग्लिश मीडियम. सोशलच्या टीचरनी होमवर्क दिलाय, जिल्ह्याबद्दल पाच फॅक्टॉइड लिहून आणा. मी म्हटलं सोपं आहे की, पहिला लगेच सांगून टाकला, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते १९२४ साली आपल्या बेळगावात, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनाची. तिनं वहीत लिहिलं आणि मग डिक्शनरी उघडली, तर त्यात एक अर्थ 'छोटी मजेशीर माहिती' आणि दुसरा 'सारखी छापून आल्यामुळं खरी वाटणारी खोटी गोष्ट'. आता विचारायलीय पप्पा तुमची विहीर खरी की खोटी. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे काय ओ?

निपाणी_नाका:
दोन्ही बरोबर, पण थोरला अर्थ खोटीचाच. शब्द काढला नॉर्मन मेलर या अमेरिकन लेखकानं, १९७३ च्या मेरिलिन मन्रोवरच्या पुस्तकात. तिच्याबद्दल पेपर-मासिकांत इतकं काय काय आलेलं की छापून यायच्या आधी ज्या गोष्टी जगात नव्हत्याच त्यांना काहीतरी नाव पाहिजे होतं, म्हणून त्यानं फॅक्टला 'ऑइड' हे शेपूट लावलं. हे शेपूट ग्रीक, 'एइदोस' म्हणजे रूप. अ‍ॅस्टेरॉइड दुर्बिणीतून ताऱ्यासारखा ठिपका दिसतो पण तारा नव्हे, ह्युमनॉइड माणसासारखा पण माणूस नव्हे, तसं हे. पुढं टीव्ही-रेडिओवाल्यांनी बातम्यांच्या मधे चिमूटभर माहिती टाकायला तोच शब्द धरला आणि अर्थ घसरला. विल्यम सफायर म्हणून भाषेवर सदर लिहिणारे पत्रकार होते, त्यांनी खऱ्या बारक्या माहितीला 'फॅक्टलेट' म्हणा असं सुचवलेलं, बुकलेटसारखं. कोण ऐकतंय.

खानापूर_रोड:
घसरला कशाला म्हणायचं, बदलला म्हणा की. राजीनामा घ्या. मूळ फारसी, राजी असल्याचा कागद, हिंदी पट्ट्यात कोर्टात अजून तडजोडीलाच राजीनामा म्हणतात. आपण नोकरी सोडताना देतो, आणि आपल्याकडं कन्नडमधेही राजीनामेचा अर्थ तोच, मग आपण दोघंही चुकलो काय? लोक जे बोलतात तो अर्थ. टीचरना विहीरच पाहिजे असणार, लिहू द्या पोरीला.

शहापूरची_शब्दवेडी:
खानापूरकर तुमचं पटलं, पण राजीनाम्याचे दोन अर्थ एका गावात नांदत नाहीत, याचे नांदतात, म्हणून तर बिचारी पोरगी अडकली. जुन्या अर्थाला मराठीत शब्द करायचा तर वाट तयार आहे. न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात, कारणासारखं दिसतं पण कारण नव्हे, त्याच चालीवर 'तथ्याभास'. ग्रीक ऑइडचं काम आपला 'आभास' बरोब्बर करतो. कंडी किंवा आवई नका म्हणू, कंडी कुणीतरी मुद्दाम पिकवतं, आवई उठते आणि दोन दिवसांत बसते. तथ्याभास बसत नाही, तो जनरल नॉलेजच्या पुस्तकात जाऊन राहतो. उदाहरण पाहिजे तर 'हिंदी ही राष्ट्रभाषा आहे'. घटनेच्या ३४३ व्या कलमात हिंदी संघराज्याची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द घटनेत कुठल्याच भाषेला नाही. आपल्याकडं मराठी-कन्नडवरनं इतकं भांडतात लोक, पण हे वाक्य दोन्ही बाजूचे बिनधास्त खरं म्हणून सांगतात!

निपाणी_नाका:
तथ्याभास झक्कास. पण चहाच्या टपरीवर म्हणून बघा एकदा, पुढचा साखर कमी टाकू काय विचारेल.

कुंदाखाऊ:
सगळ्यांना थँक्स, काल वही परत आली. पोरीनं डोकं चालवलं, चार खऱ्या लिहिल्या, विहीर, गोकाकचा धबधबा वगैरे, आणि पाचव्याला हेडिंग दिलं 'जुन्या अर्थाचा फॅक्टॉइड' आणि खाली लिहिलं, हिंदी राष्ट्रभाषा आहे असं सगळे म्हणतात पण घटनेत तसं नाही. चारांना बरोबरची खूण. पाचव्यावर लाल पेनानं काट मारलीय आणि शेजारी लिहिलंय, राँग, हिंदी इज अवर नॅशनल लँग्वेज. शनिवारी पेरेंट मीटिंग आहे, ३४३ ची झेरॉक्स घेऊन जाऊ की गप्प बसू ते सांगा, बायको म्हणते गप्प बसा, अजून दोन वर्षं काढायचीत तिथं.