पट्ट्यांचा अकीक: ऑनिक्स म्हणायचं, सुलेमानी की गोमेद?

गोदाकाठ: पैठणजवळ गोदावरीच्या गोट्यांत सापडलेला लिंबाएवढा दगड आहे. वरची साल मळकट, खरबरीत. एका बाजूनं टवका उडालाय, तिथं करडे, पांढरे, तपकिरी पट्टे दिसतात. कडेनं वळणदार, तळाशी मात्र पट्टीनं आखल्यासारखे सरळ. तीन दुकानांत तीन नावं मिळाली: 'सुलेमानी हकीक', 'ऑनिक्स' आणि 'गोमेद'. गावात याला नुसतं गारगोटीच म्हणतात. नेमकं नाव काय, आणि कापायचा कुठून?

मुरूम_माती: गोमेद आधी बाजूला ठेवा. रत्नांच्या बाजारातला गोमेद म्हणजे हेसोनाइट, गार्नेटच्या घराण्यातला मधाळ रंगाचा खडा. काही शब्दकोशांत ऑनिक्सपुढे 'गोमेद' छापलेलं असतं, घोटाळा तिथूनच होतो.

तुमचा दगड अकीक. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थरांनी साचली की अकीक होतो. भिंतीला धरून वाढलेले थर वळणदार होतात, तळाशी बसलेले आडवे आणि सरळ. पट्टे सरळ, समांतर आणि काळे-पांढरे असतील तर ऑनिक्स. काळ्याच्या जागी तांबूस-तपकिरी असतील तर सार्डोनिक्स. वळणदार असतील तर नुसता पट्टेदार अकीक. तेव्हा तुमच्या एकाच गोट्यात वर अकीक आणि खाली सार्डोनिक्स आहे, असं म्हणायला हरकत नाही. 'सुलेमानी' हे बाजारातलं नाव, बहुतेक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना लावतात. 'हकीक' हा अकीकचाच बोलीतला उच्चार.

पैठणला 'ऑनिक्स' हा शब्द परका नाही, हे आवर्जून सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी-प्रवासग्रंथामध्ये पैठणहून 'ओनिखिने लिथिया', म्हणजे ऑनिक्स दगड, मोठ्या प्रमाणात गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, कापड जायचं.

कठीणपणा_सात: नावाआधी दगड तपासा. घरसजावटीच्या दुकानात 'ऑनिक्स'च्या फुलदाण्या मिळतात, तो पट्टेदार कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं मऊ खनिज, असतो. कठीणपणा मोहस् मापावर (1 ते 10) फक्त 3, सुरीनं ओरखडा उठतो. अकीक 6.5 ते 7, त्यानं काचेवर ओरखडा पडतो आणि साधी सुरी त्याच्यावर चालत नाही.

कॅल्साइट ॲसिडनं फसफसतो, ते पाहायला थेंब टाकणार असाल तर ताज्या फुटलेल्या भागावरच टाका. आपल्याकडच्या गोट्यांच्या सालीत कॅल्साइट अडकलेलं असतं. साल फसफसली म्हणून आतला अकीक खोटा ठरत नाही.

घनतेसाठी साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी कोरडा दगड तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. अकीक असेल तर उत्तर 2.6 च्या आसपास यायला हवं.

गोदाकाठ: कोरडं वजन 78 ग्रॅम, बुडवल्यावर काटा 30 दाखवतो. म्हणजे बरोबर 2.6. काचेवर ओरखडाही पडला. दुकानातले काळेकुळकुळीत खडे मात्र याच्याहून कितीतरी सुंदर दिसतात, ते असे कसे?

कठीणपणा_सात: 2.6 आलं म्हणजे आत मोठी पोकळी नाही. 2.3 वगैरे आलं असतं तर मध्ये बंद पोकळी असण्याची शक्यता धरून जपून कापावं लागलं असतं.

ते काळे खडे बहुतेक रंगवलेले असतात. करडा अकीक साखरेच्या पाकात काही आठवडे मुरवायचा, मग तीव्र गंधकाम्लात टाकायचा. आम्ल साखरेचा कार्बन करतं आणि तो सच्छिद्र थरांत अडकतो. घट्ट पांढरे थर पाक पीतच नाहीत, म्हणून पट्टे इतके रेखीव दिसतात. हा उद्योग घरी करू नका, तीव्र आम्ल भाजतं. ॲसिटोनचा बोळा फिरवून हा काळा निघत नाही. निळ्या-गुलाबी खड्यांवरचे काही रंग बोळ्याला लागतात, पण बोळा कोरा राहिला म्हणजे रंग नैसर्गिक असं समजू नका. रंगवणं जुनी रीत आहे, त्यात गैर काही नाही. न सांगता विकणं गैर.

सहाण: कापण्याचं सांगतो. पट्टे दिसायला हवे असतील तर थरांना काटकोनात कापा. थरांना समांतर कापलंत तर वर एकाच रंगाचा पत्रा येईल. ती दिशा कॅमिओ (उठावाचं कोरीव चित्र) कोरणाऱ्यांची, वरचा पांढरा थर कोरून खालचा तपकिरी उघडा करायला.

हिऱ्याचं पातं वापरा, पाणी सतत सोडा. तेल नको, सच्छिद्र थर ते पितात आणि डाग राहतात. पाणी थांबलं की दगड तापतो आणि थरांच्या सांध्यावर चीर जाते. कापताना दाब देऊ नका, पात्याला आपल्या वेगानं जाऊ द्या.

मग घासायला सिलिकॉन कार्बाइडची पूड, भरड ते बारीक अशी 80, 220, 400, 600, 1200 नंबरची, आणि शेवटी चकाकीसाठी नमद्यावर सेरियम ऑक्साइड. एकही पायरी गाळू नका. 80 चा ओरखडा 600 नं जात नाही, तो चकाकी आल्यावरच दिसतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. प्रत्येक पायरीनंतर दगड, हात, नखं धुवा. पट्टे कमी-जास्त घट्ट असले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. तसं दिसलं तर चकाकीची घाई न करता 600 वर परत या, दाब कमी ठेवा.

आणि कोरडं घासणं कधीच नको. खंभातच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं याच धुळीनं, सिलिकोसिसनं, निकामी झाली आहेत. ओलं काम आणि तरीही एन 95 मास्क. अंगणात वाळलेला चिखल झाडू नका, ओल्या फडक्यानं उचला.

गोदाकाठ: तळाच्या सरळ पट्ट्यांना काटकोनात पहिला काप घेतो. फोटो इथंच टाकीन.

सहाण: त्याआधी दगड ओला करून मागून टॉर्च धरा. जुनी चीर असेल तर रेघेसारखी दिसेल. काप तिच्यावरूनच घ्या, म्हणजे दोन्ही तुकडे धड राहतील.