मदत हवी आहे: स्टेम एक्स्टेन्शन नाकारलं, एचवनबीची (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) लॉटरी लागलीय, पण स्टेटसच (तिथे राहायचा वैध दर्जा) राहिलं नाही

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

मी अमेरिकेत एफवनवर (विद्यार्थी व्हिसावर) आले, डिसेंबर २०२४ ला मास्टर्स झालं, ओपीटी (शिक्षणानंतर वर्षभर काम करायची परवानगी) मिळालं २० जानेवारी २०२५ ते १९ जानेवारी २०२६. नोकरी लगेच लागली, कंपनी लहान आहे पण माणसं खरंच चांगली आहेत. पुढचं २४ महिन्यांचं स्टेम एक्स्टेन्शन (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ओपीटीवर मिळणारी वाढ) घ्यायचं होतं, मॅनेजरने आय-९८३ (ट्रेनिंगच्या आराखड्याचा फॉर्म) भरून दिला, डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा कॉलेजचा अधिकारी) २४ ऑक्टोबरला सेव्हिसमधे (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी यंत्रणा) शिफारस टाकून नवीन आय-ट्वेंटी (कॉलेजने द्यायचं विद्यार्थी असल्याचं कागदपत्र) पाठवली. तेव्हा नेमका माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेला होता, मला वाटलं नवीन पासपोर्टची कॉपी जोडूनच अर्ज करू, नंतर कटकट नको. पासपोर्ट हातात आला डिसेंबर संपता संपता आणि मी ३ जानेवारीला आय-७६५ (काम करायच्या परवानगीचा अर्ज) ऑनलाइन भरला. ओपीटी संपायच्या आत भरला म्हणजे झालं, या समजुतीत निर्धास्त होते.

तर नियम दोन आहेत. अर्ज ओपीटी संपायच्या आत जायला हवा, आणि डीएसओने शिफारस टाकल्यापासून ६० दिवसांच्या आतही जायला हवा. माझे ७१ दिवस झाले होते. आय-ट्वेंटीचं ते पान मी स्वतः स्कॅन करून अपलोड केलंय, तारीख डोळ्यासमोर होती, मोजली मात्र नाही.

मार्चच्या शेवटी कंपनीने सांगितलं की एचवनबीच्या लॉटरीत माझं नाव लागलं. त्या दिवशी आईला फोन केला, ती रडायलाच लागली. आणि १३ एप्रिलला आय-७६५ नाकारल्याचं पत्र आलं. जानेवारीनंतर मी १८० दिवसांच्या आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढीवर काम करत होते, ती त्याच दिवशी संपली. पत्र वाचलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, मी हातातलं काम सेव्ह केलं, मॅनेजरला जाऊन सांगितलं आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून घरी आले. त्यानंतर एक मिनिटही काम केलेलं नाही. ओपीटीनंतरचे ६० दिवसांचे ग्रेस पीरियडचे दिवस मार्चमधेच संपून गेलेत, म्हणजे तोही आधार नाही.

आता खरी अडचण. कंपनीची वकील म्हणते, ३० जूनपर्यंत पिटिशन (कंपनीने करायचा एचवनबीचा अर्ज) टाकता येईल, पण मी स्टेटसमधे नसल्यामुळे चेंज ऑफ स्टेटस (इथेच राहून एफवनचं एचवनबी करणं) मिळणं कठीण आहे. ते नाकारलं तर बाहेर जाऊन स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसा घेणं) करावं लागणार, आणि तसं झालं की २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या पिटिशनवर जी एक लाख डॉलरची फी लावलीय ती कंपनीच्या डोक्यावर बसणार. बॉसने सरळ सांगितलं, तू आम्हाला हवी आहेस पण एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. मला त्यांचा राग नाही येत.

तर विचारायचंय ते असं की, एक, रीइन्स्टेटमेंट (गेलेलं विद्यार्थी स्टेटस परत मिळवणं) कुणी केलंय का आणि ते चालू असताना पिटिशनचं काय होतं. दोन, निघून जावं तर पुढे तीन वर्षांची वगैरे बंदी लागते का. तीन, ज्या नकाराची चूक माझीच आहे त्यावर मोशन (निर्णयाच्या फेरविचाराची मागणी) करण्यात अर्थ आहे का. घरी अजून सांगितलेलं नाही. शिक्षणाचं कर्ज बाबांच्या नावावर आहे.

प्रतिसाद

ताई, आधी बंदीचं सांगतो कारण झोप त्यानेच उडते. आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) उघडून बघ, एफवनवर आलेल्यांच्या आय-९४ वर तारीख नसते, डी/एस (स्टेटस टिकेल तोवर) असं असतं. त्यामुळे स्टेटस गेलं म्हणून अनलॉफुल प्रेझेन्सचे (बेकायदा राहण्याचे) दिवस लगेच मोजायला लागत नाहीत, यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) एखाद्या अर्जावर निर्णय देताना तू स्टेटसचा भंग केलास असं लेखी म्हटलं किंवा इमिग्रेशन जजने तसं ठरवलं तर दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तीन वर्षांची बंदी असे १८० पेक्षा जास्त दिवस साठवून देश सोडला तर लागते, एक वर्ष झालं तर दहा वर्षांची. नुसतं आय-७६५ नाकारलं की तसा निष्कर्ष आपोआप होत नाही, पण तुझं पत्र शब्द न् शब्द वाच, शेवटचे परिच्छेद खास करून.

रीइन्स्टेटमेंट मी स्वतः केलंय, माझं कारण वेगळं होतं, आजारपणात क्रेडिट कमी पडले होते. अर्ज आय-५३९ फॉर्मवर. स्टेटस जाऊन पाच महिन्यांपेक्षा जास्त झालेले नकोत, तुझ्या बाबतीत मी १९ जानेवारीपासूनच मोजेन, म्हणजे १९ जूनच्या आत. परवानगीशिवाय काम केलेलं नको. पुढे पूर्णवेळ शिकायची खरी तयारी हवी, म्हणजे कुठल्यातरी कॉलेजची आय-ट्वेंटी आणि फीचे पैसे. आणि जे घडलं ते तुझ्या हाताबाहेरचं होतं हे दाखवावं लागतं. इथेच तुझं अडेल. ६० दिवसांचं डीएसओने कळवलं होतं का? तो मेल शोध. अर्ज चालू असेपर्यंत काम करता येत नाही, आणि नाकारला तर अनलॉफुल प्रेझेन्सचे दिवस तिथून मोजायला लागतात हे धरून चाल. माझ्या उत्तराला सात महिने लागले, त्या सात महिन्यांत मी रोज सकाळी उठून आधी केस स्टेटस बघायचो.

प्रतिसाद

वरच्या मित्राशी सहमत, पिटिशनबद्दल भर घालते. एचवनबीच्या अर्जात दोन गोष्टी एकत्र मागितलेल्या असतात, तुम्ही आणि नोकरी पात्र आहात का, आणि देशातच राहून स्टेटस बदलून द्यायचं का. पहिलं मंजूर आणि दुसरं नामंजूर असं सर्रास होतं. मंजुरीच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात नवीन आय-९४ चा फाडून घ्यायचा तुकडा असतो, दुसरं नाकारलं की तो नसतो. आणि २० ऑक्टोबर २०२५ ला यूएससीआयएसने फीबद्दल जे कळवलं त्यात हेच आहे, चेंज ऑफ स्टेटस मागितलं पण माणूस वैध स्टेटसमधे नाही असं निघालं तर एक लाख डॉलर लागू. तुमच्या वकिलीणबाई बरोबर सांगतायत.

एक फट आहे, उशिराचं कारण असाधारण आणि हाताबाहेरचं असेल तर यूएससीआयएस स्वतःच्या अधिकारात स्टेटसमधला खंड माफ करू शकतं. पासपोर्टची वाट पाहिली हे त्यात बसवणं अवघड आहे, खोटा दिलासा देत नाही. मोशन करायचं तर आय-२९०बी फॉर्म, निर्णयापासून ३० दिवसांत, फी ८०० डॉलर, पण त्यांची चूक दाखवता आली किंवा नवीन पुरावा असेल तरच.

आणि कंपनीच्या वकिलावर सगळं सोडू नका, ती कंपनीची आहे. स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठा आणि पहिला प्रश्न हा विचारा की अर्ज ६० दिवसांनंतरचा होता, तर १९ जानेवारी ते १३ एप्रिलचं काम अधिकृत धरतात की नाही. बाकी सगळं त्या उत्तरावर उभं आहे.

अजून एक, एफवनचा शिक्का (पासपोर्टवरचा व्हिसा) जिवंत असेल तर नवीन आय-ट्वेंटी आणि सेव्हिसची ३५० डॉलर फी भरून बाहेर जाऊन परत येणं हाही मार्ग आहे, फक्त कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपासूनच आत येता येतं, आणि नोकरीसाठीच आलात असं वाटलं तर विमानतळावर अडवतात.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. मेल सापडला. २४ ऑक्टोबरचाच, आय-ट्वेंटी जोडलेला, तिसऱ्या परिच्छेदात ६० दिवसांचं स्वच्छ लिहिलंय. मी तेव्हा फक्त अटॅचमेंट उघडली होती. म्हणजे मला कळवलंच नाही असं मी कुठल्याही अर्जात म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

शिक्का २०२७ पर्यंत आहे. गुरुवारी वेगळ्या वकिलाची वेळ घेतलीय, कामाच्या तारखांचा प्रश्न सगळ्यात वर लिहून ठेवलाय, सोबत ऑफर लेटर, सगळ्या पे स्लिप आणि दोन्ही आय-ट्वेंटी नेतेय. जाण्याआधी रात्री बाबांना फोन करणार आहे. कुणाला वकिलाला विचारायचं अजून काही सुचलं तर बुधवारपर्यंत लिहा प्लीज.