लहान विमानात हेड-अप डिस्प्ले: खर्चाच्या मानाने उपयोग किती?

संत्रानगरी_१७२ (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरचा रहिवासी असून खासगी वैमानिकाचा परवाना मिळून मला चार वर्षे झाली आहेत. आजवर १६० तासांचे उड्डाण नावावर आहे. आम्ही तिघे मित्र भागीदारीत एक जुने सेसना १७२ विमान घेण्याच्या बेतात आहोत. त्याच्या पॅनेलवर अजूनही गोल काट्यांची उपकरणे आहेत आणि नूतनीकरणासाठी आम्ही काही रक्कम वेगळी काढून ठेवली आहे. ती कशावर खर्च करावी, यावर मात्र आमचे एकमत होत नाही.

हेड-अप डिस्प्ले (वेग-उंचीसारखी माहिती वैमानिकाच्या डोळ्यांसमोर काचेवर दाखवणारे उपकरण) बसवावा असे माझे मत आहे आणि त्यामागे एक प्रसंग आहे. गेल्या जानेवारीत गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवर उतरत असताना सकाळची हवा धुरकट होती. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, मी वेग पाहण्यासाठी नजर खाली नेली, मग उंची पाहिली, पुन्हा वेग पाहिला आणि नजर वर केली तेव्हा धावपट्टी नाकासमोरून डावीकडे सरकलेली होती आणि मी बराच उंचावर होतो. मी लगेच गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो, आणि दुसऱ्या फेरीत नीट उतरलो. पण नजर खाली असलेले ते चार-पाच सेकंद अजून डोक्यातून जात नाहीत. वेग आणि उंची समोरच्या काचेवरच दिसली असती तर असे झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

एका लेखात वाचले की या उपकरणामुळे ३८ टक्के अपघात टळले असते किंवा त्यांचे परिणाम सौम्य झाले असते. किंमत मात्र छाती दडपणारी आहे. लहान विमानात कायमस्वरूपी बसवायच्या उपकरणाची किंमत २५ ते ३० हजार डॉलरच्या घरात ऐकली आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर हे २१ ते २५ लाख होतात आणि बसवण्याचा खर्च वेगळा. पॅनेलवर ठेवून टॅब्लेटशी जोडायचे उपकरण सुमारे दोन हजार डॉलरला, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास मिळते. माझ्या एका भागीदाराचे म्हणणे तर असे आहे की मोटारीसाठी काही हजारांत मिळणारे उपकरण आधी लावून पाहावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_प्रशिक्षक

आपण गो-अराउंड केला, याबद्दल आधी आपले अभिनंदन करतो. त्या क्षणी विमानाचे नाक खाली घालून मार्ग जुळवण्याचा मोह होतो, आणि तो मोह किती महागात पडतो हे मी फार जवळून पाहिले आहे.

३८ टक्क्यांचा आकडा फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या २००९ मधील अभ्यासातला आहे. तो अभ्यास जेट विमानांच्या अपघातांवर होता. त्यातली विमाने दोन वैमानिकांची, आयएलएस (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) आणि ऑटोपायलट असलेली, आणि त्यांच्यासाठी गृहीत धरलेला हेड-अप डिस्प्ले फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणे) कधी करायचा हेसुद्धा सांगणारा. सेसना १७२ चे अपघात वेगळ्या कारणांनी होतात. इंधन संपणे, खराब हवामानात शिरणे, बेसवरून (फायनलच्या आधीचा, धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलला वळताना स्टॉल होणे (पंखांची उचल अचानक जाणे), ही त्यातली नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे तो आकडा आपल्या विमानाला लावता येणार नाही.

आता आपल्या प्रसंगाकडे येतो. काचेवर आकडे दिसले म्हणजे लक्ष बाहेर राहते, ही समजूत पुरती खरी नाही. नासाच्या एम्स केंद्रात १९८० मध्ये सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला होता. त्यात हेड-अप डिस्प्लेवर उतरणाऱ्या आठ वैमानिकांपैकी दोघांना धावपट्टीवर समोर उभे असलेले विमान दिसलेच नाही. त्यांची नजर बाहेरच होती, पण मन चिन्हांत गुंतले होते. डोळे जिथे आहेत तिथे लक्ष असतेच असे नाही, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दहा तासांत सांगत असे.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. फायनलवर आपल्याला वेग दोनदा पाहावा लागला, कारण विमान त्या वेगावर ट्रिम केलेले नव्हते. १७२ हे विमान ६५ नॉटवर नीट ट्रिम केले की हात सैल सोडला तरी वेग धरून राहते, मग वेगाकडे पाहायला अर्धा सेकंद पुरतो. उतरण्याचा दरही तोंडी हिशेबात बसवावा. तीन अंशांच्या मार्गासाठी जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणले की मिनिटाला किती फूट खाली यायचे ते कळते. ६५ नॉटला ३२५ फूट. हा आकडा ठरलेला असला की आपण उंच चाललो आहोत, हे धावपट्टी सरकण्यापूर्वीच ध्यानात येते.

विमानाचा तासाचा खर्च १५ हजार रुपये धरला तर २१ लाखांत १४० तासांचे उड्डाण होते, म्हणजे आपण आजवर जेवढे उडालात जवळजवळ तेवढे. त्यातले वीस तास प्रशिक्षकाबरोबर आडव्या वाऱ्यात आणि धुरकट हवेत काढावेत, असा माझा आग्रह आहे.

एव्हिऑनिक्स_मिहान

मी विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर काम करतो, म्हणून खर्चाची आणि जोडणीची बाजू मांडतो.

पहिली अडचण पैशांची नाही. हेड-अप डिस्प्ले स्वतः काही मोजत नाही, तो दुसऱ्याने मोजलेले दाखवतो. आपल्या विमानातली गोल उपकरणे निर्वात पंपावर आणि पिटॉट नळीतल्या हवेच्या दाबावर चालतात. त्यांच्यातून कोणतीही डिजिटल माहिती बाहेर पडत नाही. म्हणजे आधी विमानाची स्थिती, वेग आणि उंची डिजिटल रूपात देणारे इलेक्ट्रॉनिक पॅनेल बसवावे लागेल आणि मगच हेड-अप डिस्प्लेला दाखवायला काही मिळेल. हा पहिला खर्च माहितीपत्रकात नसतो. त्यावर छताला आधार देणे, तारा ओढणे, विमानाचे वजन आणि तोल पुन्हा काढणे, आपल्या मॉडेलला लागू असलेले एसटीसी (अशा बदलाचे मान्यतापत्र) शोधणे आणि त्याला डीजीसीए या आपल्या हवाई नियामक संस्थेची मान्यता घेणे, हे सगळे आले. तोवर विमान हँगरमध्ये उभे राहते आणि भाडे चालूच असते.

टॅब्लेटला जोडायच्या उपकरणाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यातली बरीचशी उपकरणे वेग म्हणून जीपीएसचा, म्हणजे जमिनीवरचा वेग दाखवतात. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १०३० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने आपण पाच हजार फुटांच्या आसपास उडत असतो. अशा दुपारी वारा अगदी पडलेला असला तरी काट्यावर ६० नॉट असताना जीपीएसवर ६५ च्या जवळपास दिसते. त्यात बेसवर पाठीमागून दहा नॉटांचा वारा मिळाला तर काचेवर ७५ झळकतील. काचेवरचा आकडा पाहून वैमानिक नाक वर उचलेल, वेग आणखी कमी होईल आणि तेही वळणात. स्टॉल हवेतल्या वेगावर ठरतो. काचेवर डोळ्यांसमोर सतत चमकणारा चुकीचा आकडा हा खाली पॅनेलवर असलेल्या बरोबर आकड्यापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे.

उष्णतेचेही तसेच. अॅपल आपल्या आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानते. मागच्या उन्हाळ्यात एका ग्राहकाच्या विमानात आम्ही असे एक उपकरण तपासायला बसलो होतो. विमान अर्धा तास उन्हात उभे होते. पॅनेलच्या वरच्या काळ्या भागावर हात टेकवत नव्हता आणि टॅब्लेट इंजिन सुरू करण्याआधीच गरम झाल्याची सूचना देऊन बंद पडला. तो सावलीत धरून थंड केला, पण टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना, पुन्हा तेच झाले.

मोटारीच्या उपकरणाचा विचार कृपया सोडून द्यावा. विमानाची समोरची काच अॅक्रिलिकची, वाकलेली आणि जाड असते. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येते, त्यामुळे प्रत्येक आकडा एकावर एक असा दोनदा दिसतो. शिवाय मोटारीतली प्रतिमा दोन-तीन मीटरवर दिसते. खऱ्या हेड-अप डिस्प्लेमध्ये भिंगांच्या साहाय्याने प्रतिमा अनंत अंतरावर नेलेली असते, म्हणून धावपट्टी आणि आकडे एकाच वेळी स्पष्ट दिसतात आणि डोळ्यांना फोकस बदलावा लागत नाही. या भिंगांचेच पैसे आपण मोजत असतो. ते नसतील तर काचेवर आकडे चिकटवल्यासारखेच झाले.

वायुसेनानगर

वरच्या दोन्ही उत्तरांचा मला आदर आहे, तरीही हेड-अप डिस्प्लेची बाजू मांडायला कोणीतरी हवे. मी हवाई दलात असताना जॅग्वारवर आणि पुढे हॉक प्रशिक्षण विमानावर हेड-अप डिस्प्ले वापरून अनेक वर्षे उड्डाण केले आहे. आपल्या तेजस विमानाचा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या सीएसआयओ या संस्थेने देशातच घडवला, ही गोष्टही मला अभिमानाची वाटते.

लोक समजतात की या उपकरणाचा फायदा म्हणजे वेग आणि उंची समोर दिसणे. तो त्याचा सर्वांत लहान फायदा आहे. खरी किंमत आहे ती फ्लाइट पाथ व्हेक्टर या छोट्याशा चिन्हाची. एक वर्तुळ, त्याला दोन पंख आणि वर शेपटी, एवढेच ते असते. विमानाचे नाक कुठे आहे ते सोडा, विमान खरोखर कुठे चालले आहे ते हे चिन्ह दाखवते. आडव्या वाऱ्यात नाक दहा अंश उजवीकडे असले तरी चिन्ह धावपट्टीवर बसलेले असते. तुम्ही ते धावपट्टीच्या उंबरठ्यावर ठेवा आणि वेग राखा, विमान तिथेच पोहोचते. संत्रानगरी यांच्या प्रसंगात धावपट्टी डावीकडे सरकण्याच्या कितीतरी आधी ते चिन्ह सरकले असते. ज्याने हे एकदा अनुभवले, त्याला त्याशिवाय उडताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते. बोइंग ७८७ मध्ये दोन्ही वैमानिकांना हेड-अप डिस्प्ले मुळातच दिलेला आहे, तो उगाच नाही.

एम्सच्या प्रयोगाबद्दलही एक सांगावेसे वाटते. लक्ष चिन्हांत अडकते हे खरे, पण त्यासाठी प्रशिक्षण असते. आम्हाला दर काही सेकंदांनी चिन्हांच्या पलीकडे पाहण्याची सवय लावली जात असे आणि गरज संपली की चिन्हे कमी करण्याचे बटण हाताशी असे.

तरीही आपल्या विमानासाठी मी होकार देणार नाही, आणि त्याचे कारण नियमांत आहे. आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत, विमानतळ परिसरातली सरावाची उड्डाणे वगळता, दृश्य नियमांखाली (बाहेर पाहून उडण्याच्या नियमांखाली) उडता येत नाही. दिवसाही दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. म्हणजे हेड-अप डिस्प्ले जिथे सर्वांत जास्त उपयोगी, ती अंधारी रात्र आणि ते धुके आपल्या वाट्याला येणारच नाही, आणि काचेवर काही दिसते म्हणून पाच किलोमीटरची अट शिथिल होत नाही. १७२ ची बैठक आणि छत यांतली जागा पाहता, उन्हाळ्याच्या दुपारी हवेचे धक्के बसत असताना कपाळापासून वीतभर अंतरावर हेड-अप डिस्प्लेची कडक काच असावी, हेही मला पटत नाही.

एव्हिऑनिक्स_मिहान

फ्लाइट पाथ व्हेक्टरबद्दल वायुसेनानगर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ते चिन्ह हेड-अप डिस्प्लेशिवायही मिळते. गार्मिन कंपनीच्या सिंथेटिक व्हिजनमध्ये, म्हणजे पॅनेलच्या पडद्यावरच्या भूभागाच्या चित्रावर, तेच चिन्ह दिसते आणि जी३एक्स टच हे पॅनेल २०१९ पासून १७२ साठी प्रमाणित झालेले आहे. आपल्याला पॅनेल बदलायचेच असेल तर हा खर्च कोणत्याही मार्गाने होणारच आहे. ते चिन्ह पाहायला नजर खाली न्यावी लागते हे खरे, पण एका कटाक्षात वेग, उंची आणि दिशा या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. चार-पाच सेकंदांचा एक सेकंद होतो.

उरलेल्या पैशांतून अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) दाखवणारे छोटे उपकरण घ्यावे. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्याच्या मंजुरीची पद्धत सोपी केली, तेव्हापासून ते लहान विमानांत बरेच दिसू लागले आहे. त्याचे दिवे पॅनेलच्या वर, काचेच्या कडेला बसतात, त्यामुळे बाहेर पाहतानाच हिरवा, पिवळा, लाल दिसत राहतो. मे महिन्याची विरळ हवा असो वा विमानात चौघे बसलेले असोत, पंख स्टॉलच्या किती जवळ आहे हे ते थेट सांगते.

संत्रानगरी_१७२

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, याबद्दल मनापासून आभार. निर्वात पंपावरच्या उपकरणांतून हेड-अप डिस्प्लेला माहितीच मिळणार नाही, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. भागीदारांशी बोललो. आधी इलेक्ट्रॉनिक पॅनेल, सोबत अँगल ऑफ अटॅक, आणि वीस तास प्रशिक्षकाबरोबर, असे आम्ही ठरवले आहे. मोटारीच्या उपकरणाचा विचार भागीदाराने सोडून दिला.

प्रशिक्षक सरांना एकच विचारायचे आहे. त्या वीस तासांत विमान कुठे चालले आहे हे उघड्या डोळ्यांनी ओळखायला शिकता येईल का?

निवृत्त_प्रशिक्षक

येईल. त्यासाठी आधी बैठक पक्की करा. दर वेळी आसन अशा उंचीवर आणि अशा अंतरावर लावा की समोर इंजिनाच्या झाकणाची तेवढीच पट्टी दिसेल, लागल्यास उशी घ्या, पण प्रत्येक उड्डाणाला तीच उशी. मग काचेवर सहज पुसता येणाऱ्या मेणाच्या पेन्सिलने डोळ्यांसमोर एक लहान ठिपका करा. फायनलवर वेग ६५ वर ट्रिम केला आणि नाक स्थिर ठेवले की धावपट्टीवरची एक जागा अशी सापडते जी ठिपक्याच्या मानाने वरही जात नाही आणि खालीही येत नाही. तिच्या पलीकडचे सगळे वर सरकत असते, अलीकडचे सगळे खाली. जी जागा हलत नाही, तिथे विमान चालले आहे. आडव्या वाऱ्यात ती जागा ठिपक्याच्या बाजूला दिसेल, आणि किती बाजूला दिसते हे पाहून वारा ओळखता येईल. पहिले दोन तास फक्त हेच करू, उतरायचेसुद्धा नाही, दर वेळी दोनशे फुटांवरून गो-अराउंड.