जुन्या ट्रायकोनचे पाय ४१४० बॉडीवर वेल्ड केले की दुसऱ्या दिवशी कडेला चीर

रीमर_फॅब
आडव्या ड्रिलिंगसाठी १८ इंची रीमर (आधी पाडलेलं भोक रुंद करायचं हत्यार) बनवतोय. बॉडी ४१४० जातीच्या मिश्र स्टीलची, हार्डन-टेंपर केलेली (तापवून कडक केलेली, मग पुन्हा तापवून ठिसूळपणा काढलेली). तिच्यावर वापरलेल्या १२ १/४ इंची ट्रायकोनचे (तीन कोनांच्या ड्रिल बिटचे) पाच पाय, म्हणजे एकेक कोन धरणारे भाग, सगळे सील्ड बेअरिंगचे. वेल्डिंग रॉड ७०१८, ४ मिमी. बॉडी टॉर्चने साधारण १०० अंशांपर्यंत गरम करतो. वेल्ड झाल्यावर सगळं स्वच्छ दिसतं, पण दुसऱ्या दिवशी बॉडीच्या बाजूला वेल्डच्या कडेने केसासारखी चीर येते. जास्त तापवलं तर सीलमधून ग्रीस गळतं. ११०१८ हा जास्त ताकदीचा रॉड घेतला तर फरक पडेल का?

धातू_टेबल
रॉड बदलून उपयोग नाही, उलट ११०१८ने ताण वाढेल. तुमची चीर वेल्डमध्ये नाही, वेल्डशेजारच्या बॉडीत आहे आणि ती उशिरा येते. म्हणजे वेल्डमधून शिरलेल्या हायड्रोजनची चीर. ४१४०मध्ये कार्बन ०.४० टक्के, मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम धरून कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डशेजारी स्टील किती कडक होईल ते सांगणारा आकडा) ०.७५च्या वर जातो. इतक्या जाड बॉडीला २५० ते ३०० अंश प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) लागतं, १००वर ती कड काचेसारखी कडक होते.

पायाचं उलटं आहे. तो कमी कार्बनच्या, ८७२० जातीच्या स्टीलचा असतो, कार्बन ०.२०च्या आसपास. त्याला १०० अंश पुरतात. पण आत नायट्राइल रबराचा सील आहे, १२०च्या वर त्याचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. जर्नलची (कोन ज्यावर फिरतो त्या दांड्याची) कार्ब्युराइज केलेली, म्हणजे वरून कार्बन मुरवून कडक केलेली, रेस म्हणजे बेअरिंगचा पृष्ठभागही साधारण १७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. एकाच जॉइंटमध्ये दोन्ही अटी पाळता येत नाहीत, म्हणून काम दोन टप्प्यांत करा.

आधी एकटी बॉडी घ्या, पाय न लावता. २८० अंश प्रीहीट, आणि पाय बसणार तिथे ७०१८चं बटरिंग, म्हणजे वेल्डचाच थर, मशिनिंगनंतर ८ ते १० मिमी उरेल इतकं. मग ५५० अंशांना टेंपर, दर २५ मिमी जाडीला एक तास. बॉडीचं मूळ टेंपरिंग याच्या किमान ३० अंश वर झालेलं असलं पाहिजे, नाहीतर बॉडीच मऊ पडेल. आटे यानंतरच कापा. बिटच्या कारखान्यातही तीन पाय वेल्ड झाल्यावरच पिनचे (बिट जोडायच्या टोकाचे) आटे काढतात.

आता पाय बसवा. दुसऱ्या वेल्डची कडक करण्याइतकी उष्णता बटरिंगच्या थरातच राहते, ४१४०पर्यंत पोचत नाही, त्यामुळे १०० अंशांवर भागतं.

शॉपफ्लोअर_०७
आमच्याकडे ३१२ स्टेनलेस रॉडने बिनाप्रीहीट मारतात, चीर येत नाही.

धातू_टेबल
स्टेनलेसचा वेल्ड हायड्रोजन धरून ठेवतो, म्हणून लगेच दिसत नाही. पण शेजारची ४१४०ची कड तेवढीच कडक झालेली असते आणि रीमरवर फिरता भार येतो. साइटवरच्या तात्पुरत्या दुरुस्तीला ठीक, नव्या रीमरला नको.

जिग_आणि_गेज
वरच्या मुद्द्यांइतकंच महत्त्वाचं: पाय नुसता गोल बॉडीवर टेकवून फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) मारू नका. बॉडीत खाच मिल करा, मागे खांदा ठेवा. ओढीचा जोर खांद्यावर यायला हवा, वेल्डने फक्त पाय धरून ठेवायचा.

अर्थिंगचा क्लॅम्प बॉडीवरच लावा. कोनवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, बॉल आणि रेसवर ठिणगीचे खड्डे पडतात आणि कोन थोड्याच वेळात जाम होतो. टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारताना हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण कोन हाताशी असतो.

पाय एकेक करून पूर्ण करू नका. सगळे टॅक करा, रिंग गेजने व्यास तपासा, मग प्रत्येकाला एक रन (वेल्डची एक ओळ) देऊन समोरच्या पायाकडे जा. सीलजवळ टेंप स्टिकने (ठरावीक तापमानाला वितळणारी कांडी) ११० अंश तपासत राहा. वितळली की थांबा. वेल्ड आकसला की पाय आत ओढला जातो, म्हणून टॅकच्या वेळी व्यास थोडा मोठा ठेवा. किती, ते पहिल्या नगावर मोजूनच ठरतं.

रीमर_फॅब
पाय गॅसने कापलेत. त्या कडेवर थेट वेल्ड करता येईल?

जिग_आणि_गेज
नाही. कापलेली कड २-३ मिमी ग्राइंड करा. पायाच्या शेपटीवर टंगस्टन कार्बाइडचं हार्डफेसिंग (झीज रोखणारा कडक थर) असतं, ते वेल्डच्या जागेत येत असेल तर तेही पूर्ण काढा, नाहीतर ते वितळून वेल्ड ठिसूळ होतो. पुढच्या वेळी बँडसॉवर, कूलंट सोडून कापा. पायाच्या खांद्यावरची ग्रीसची टाकी शाबूत ठेवा. ती कापली गेली तर तो पाय सील्ड राहिलाच नाही. बॉल भरायच्या भोकाचा प्लग पाठीवर दिसतो, त्याच्यावर रन नेऊ नका.

धातू_टेबल
रॉड ३५० अंशांवर एक-दोन तास बेक करून गरम डब्यातूनच वापरा. काम झाल्यावर सिरॅमिक ब्लँकेटखाली थंड होऊ द्या आणि मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबकीय कणांनी चीर शोधायची चाचणी) ४८ तासांनी करा. त्याच दिवशी केलेली टेस्ट या चिरेसाठी धरू नका.