ड्रोन म्युझियममध्ये ठेवावा का?

खडकवासलेकर: रविवारी पुतण्याला घेऊन पुण्यात घोरपडीच्या वॉर मेमोरियलला गेलो, मिग विमान बघून झाल्यावर पठ्ठ्या विचारतो काका ड्रोन कुठंय? बोलती बंद. आपल्या सैन्याचे सर्चर, हेरॉन हे टेहळणीचे ड्रोन निवृत्त झाले की एखादा तरी जपा की. अमेरिकेत स्मिथसोनियन म्युझियमने प्रिडेटर ड्रोन जपलाय, डेटनच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये ग्लोबल हॉक ड्रोन आहे.

कटिंगवाला: काय बघायचं त्यात? मिगच्या कॉकपिटकडे बघून निदान वाटतं की इथे कोणीतरी जीव मुठीत धरून बसलं होतं, ड्रोनमध्ये माणूसच नाही. आणि आमच्या सोसायटीत प्रत्येक लग्नात ड्रोन घिरट्या घालतो, फुकट.

खडकवासलेकर: अहो लग्नातला आणि हा एकच का? प्रिडेटरचे पंख १४.८ मीटर, पीएमटीच्या बसपेक्षा लांब!

मेकॅनिकल_९४: माणूस नाही कसा, तो जमिनीवर केबिनमध्ये बसतो ना. ती केबिन ठेवा, खुर्ची, स्क्रीन, जॉयस्टिक सगळं, नाहीतर गुपित कॅमेरा काढून घेतलेलं रिकामं टरफल बघायला मिळणार. आणि प्लीज चौकात खांबावर लटकवू नका. मिगचं अ‍ॅल्युमिनियम रंग मारून तग धरतं, पण हे अंग फायबरचं. माझ्या स्कूटरचं पुढचं पॅनेल पार्किंगच्या उन्हात पांढरं पडलंय, बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी हाताला लागते.

कटिंगवाला: म्हणजे छप्पर आलं, एसी आला, खर्च आला. जुनी विक्रांत मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, २०१४ ला भंगारात गेली आणि तिच्या पोलादाची आपल्या आकुर्डीच्या बजाजने बाईक काढली. अख्खी युद्धनौका सांभाळता आली नाही आणि निघाले ड्रोन जपायला.

सदाशिवपेठी ताई: विक्रांत गेली म्हणून उरलेलंही घालवायचं का? केळकर म्युझियमच्या केळकरांनी अडकित्ते न् दिवे जमवले तेव्हा घरोघरी ते अडगळच होते. मी तर म्हणते हेरॉन राहू दे, तो इस्रायलचा, आधी आपला देशी ड्रोन निशांत ठेवा. ट्रकवरच्या लाँचरवरून गोफणीसारखा भिरकावायचा आणि उतरताना पॅराशूट, पोटाखाली हवेच्या पिशव्या. लष्कराला दिलेले चारही पडले आणि २०१५ मध्ये गाडं थांबलं. पडलेल्याचा तुकडा मिळाला तरी मांडा, शेजारी का पडला तेही लिहा.

कटिंगवाला: फसलेलं बघायला कोण तिकीट काढणार हो ताई?

सदाशिवपेठी ताई: शनिवारवाड्यात काय बघतो आपण? १८२८ च्या आगीतून उरलेली जोतीच ना? तिकीट काढूनच.

कटिंगवाला: मी नाही गेलो. पन्नास वर्षं शनिवार पेठेतच राहतोय.