इल्कलीचा माळ आणि थंड पाण्याचं कुंड : तुमचेही अनुभव येऊ द्या

मोगरा
काल भाचीने इंग्लंडातल्या लीड्सहून फोटो पाठवला, हेदरच्या जांभळ्या झुडपांनी भरलेला अख्खा डोंगर! ऑगस्टमधलं इल्कली. कामं टाकून बघत बसले.

आम्ही लीड्सला होतो तेव्हा रविवारी डबा घेऊन तिकडे जायचो. ट्रेनने अर्धा तास, इल्कली शेवटचं स्टेशन. उतरलं की सरळ चढायला लागायचं. चढावर एक पांढरं बैठं घर दिसतं, ते व्हाइट वेल्स. अठराव्या शतकापासून लोक तिथल्या झऱ्याच्या बर्फगार पाण्यात बुडी मारायला यायचे. वज्रेश्वरी नि उन्हवऱ्याची ऊन पाण्याची कुंडं बघत मोठे झालेलो आपण, इथे गारठा हेच औषध! १८४४ मध्ये जवळच बेन ऱ्हायडिंगला मोठं जलोपचार केंद्र निघालं. अशा ठिकाणी रुग्णांना ओल्या चादरीत गुंडाळून ठेवत. गावातले जुने दगडी बंगले, हॉटेलं बघा, बरीचशी या पाण्याच्या जिवावर उभी राहिलेली. १८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक बाहेर पडलं तेव्हा तो इथेच उपचार घेत होता. त्या चढावर उभं राहून हे आठवलं की मला अजून काटा येतो.

कोण कोण गेलंय? लिहा ना.

घाटमाथा
धुकं! बारा दगडांच्या वर्तुळापाशी पोचलो आणि दहा पावलांवरचं दिसेना. खाली दलदल, बूट आत जातो. पण पायवाटेवर मोठ्या फरश्या टाकल्यात, त्या धरून उतरलो. मुलगी पूर्ण वेळ मेंढ्यांशी बोलत होती. जाणाऱ्यांनो, पावसाळी जाकीट उन्हातही घ्या.

चिऊताई
@घाटमाथा मेंढ्यांशी कोणत्या भाषेत? 😄

घाटमाथा
शुद्ध मराठीत. त्या थांबून ऐकतही होत्या!

पारिजातक
आमचे सासरे सांगलीहून आले होते. त्यांना स्वस्तिक दगड बघायचाच होता. वुडहाउस क्रॅगवर आहे, लोखंडी कठड्याच्या आत. समोर ठळक दिसते ती नंतर कोरलेली प्रतिकृती, मूळ कोरीवकाम मागच्या खडकावर, झिजलेलं. बाहू आपल्यासारखे काटकोनात नाहीत, वळणदार आहेत, मध्ये वाटीसारखे खळगे. बाबांनी चप्पल काढून नमस्कार केला. शेजारी एक इंग्रज आजोबा होते, त्यांनीही टोपी काढली. दोघं मग कितीतरी वेळ खाली वार्फ नदीकडे बघत बसले, एकमेकांची भाषा येत नव्हती तरी. बाबा आता नाहीत. तो फोटो देवघराशेजारी लावलाय.

मोगरा
पारिजातक, वाचून डोळे भरले गं.

खमंग
डब्यात काय असायचं ते कुणीच सांगत नाही! आम्ही काउ अँड काफ खडकांवर बसून थालीपीठ खायचो. वाऱ्याने पेपर नॅपकिन उडतात, कापडी न्या. (काउ हा मोठा कडा, काफ त्याच्या पायाशी सुटलेला दगड. रॉम्बाल्ड नावाचा राक्षस बायकोच्या रागापासून पळताना त्याचा पाय पडला आणि खडक फुटला, अशी गोष्ट तिथे सांगतात.)

चिऊताई
भाजणी तिकडे मिळते का? की इथूनच नेता?

खमंग
आई पाठवायची. ब्रॅडफर्डला पिठं सगळी मिळतात, पण आईची भाजणी ती आईचीच.

निळावंती
मी हॅरोगेटवाली. आमचं पाणी गंधकाचं! ते पाणी प्यायला लोक जायचे ती रॉयल पंप रूम १८४२ ची, आता संग्रहालय. आत शिरण्याआधीच उकडलेल्या अंड्यांचा वास येतो. तिथला पहिला झरा १५७१ मध्ये विल्यम स्लिंग्जबीला सापडला, तो मात्र लोहयुक्त पाण्याचा. १८९७ चं टर्किश बाथ अजून चालू आहे, आतल्या रंगीत विटांच्या कमानी बघायला तरी जाच. आईला गुडघ्यांसाठी नेलं होतं. गुडघे तसेच आहेत पण आई त्या दिवसाबद्दल अजून बोलते.

कानटोपी
माळावर टोपीशिवाय गेलास तर थंडीने मरशील, असं सांगणारं यॉर्कशायरचं लाडकं गाणं आहे. ऑफिसात सगळे एका सुरात म्हणायचे. माझी आजी हेच सांगते, फक्त चालीशिवाय!

पाणवठा
नदीचंही लिहितो. इल्कलीजवळची वार्फ २०२० मध्ये देशातली पहिली अधिकृत पोहण्याची नदी ठरली, आणि तपासणीत पाण्याचा दर्जा 'वाईट' निघाला. सांडपाणी येतं नदीत. गावकऱ्यांनी स्वतः नमुने घेऊन हे लावून धरलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. पाण्यामुळे नावारूपाला आलेलं गाव, तिथे पोरांना नदीत उतरू द्यायला भीती वाटावी, हे वाईट आहे.

शेवंती
तान्ह्या बाळाला घेऊन जाता येईल का? बाबागाडी चालेल?

घाटमाथा
व्हाइट वेल्सपर्यंतही चढ आहे, कॅरियर बरा. घरावर झेंडा दिसला तर समजा उघडं आहे, चहा मिळेल.

शेवंती
छान, येत्या शनिवारी जातो. भाजणी कुणाकडे जास्तीची आहे का?